मागच्या खोलीतली काच

दाजींच्या हातून काच कधी फुटली नाही, असं लोक म्हणायचे. ते काही खरं नाही. पुष्कळ फुटल्या, त्यांच्या तळहातावरच्या खुणा मी पाहिल्या आहेत. पण त्यांनी बसवलेली काच कुणाला दिसली नाही, हे मात्र खरं. एका बँकेच्या दाराला त्यांनी काच लावली, तर पहिल्याच दिवशी तिथले साहेब नाक धरून खाली बसले. ही गोष्ट सांगताना साहेबांच्या नाकाच्या वाट्याला एखादं वाक्य यायचं, बाकी सगळं कौतुक काचेचं. "काच दिसली म्हणजे काम फसलं," असं दाजींचं म्हणणं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी एकटा माणूस. गोदामातली वजनकाट्यावरची नोकरी संपली तेव्हा ताईने मला आपल्याकडे बोलावून घेतलं. तेव्हापासून मी त्यांच्याच घरात राहतो, तरी दाजी मला अजून 'पाहुणे' म्हणतात. "काय पाहुणे, चहा घेणार की निघालात?" हा त्यांचा रोजचा विनोद. मी हसतो. त्यावरचं उत्तर मला संध्याकाळी सुचतं.

मला लिहिण्याची सवय नाही आणि हे नीट जमेल असंही वाटत नाही. पण त्या हिवाळ्यात दाजी जे वागले ते पाहणारा माझ्याखेरीज दुसरा कोणी नव्हता.

ताईचं छातीचं दुखणं जुनं. आदल्या हिवाळ्यात तिला दवाखान्यातून आणलं आणि पुढच्या खोलीत ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की थंडी संपेपर्यंत दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, गार वारा अंगावर म्हणून घ्यायचा नाही. त्या खोलीत पलंग होता, कपाट होतं आणि भिंत होती. ताई भिंतीकडे तोंड करून निजली ती तशीच राहिली. आधी दोन घास खायची, मग एक, मग "ठेवून दे, खाईन मागाहून." अंगठी बोटातून आपोआप गळून पडायला लागली. डॉक्टर दाजींना बाहेर नेऊन म्हणाले, "फुप्फुसं मी सांभाळतो हो. पण ह्यांनी खाल्लंच नाही तर मी कुणाची फुप्फुसं सांभाळू?"

तो हिवाळा कसाबसा निभावला. उन्हाळ्यात दाजींनी मागच्या खोलीची परसाकडची भिंत फोडली आणि तिथे गुडघ्यापासून छतापर्यंत एकच अखंड काच बसवली. काच आणायला चार माणसं लागली. दाजी उलट्या पावलांनी पुढे चालत होते आणि कुणाला शिंकूसुद्धा देत नव्हते. पुढची खोली एका अंगाला असल्याने समोरच्या भिंतीला रस्त्याकडची एक खिडकी होती, तिचा पडदाही उजेडासाठी काढून टाकला. मधोमध ताईचा पलंग. परसात फारसं काही नव्हतं. एक लिंबाचं झाड, कुंपणावरची वेल, कपडे वाळत घालायची तार आणि दाजींनी पाखरांसाठी ठेवलेलं एक पसरट दगडी भांडं.

पुढची थंडी सुरू झाली आणि ताईला जणू नोकरी लागली. सकाळी ऊन काचेवर आलं की ती उशांना टेकून बसायची आणि पाखरं बघायची. चिमण्यांमध्ये कुणाचं कुणाशी पटत नाही हे तिला आठवड्यात कळलं. होल्यांची एक जोडी यायची. त्यातली एक सारखी मान हलवून घुमायची आणि दुसरा ढिम्म बसून राहायचा. "ते आम्ही दोघं," ताई मला म्हणाली, "ढिम्म कोण ते सांगायला नको." पण तिचा जीव होता तो परिटावर. काळ्या-पांढऱ्या रंगाचं ते चपळ पाखरू थंडीतच येतं. शेपटी वरखाली हलवत ते सगळ्या परसातून तुरुतुरु फिरायचं, दोन जागी टोच मारून बघायचं आणि निघून जायचं. ताईने त्याचं नाव ठेवलं मुकादम. "बघ, काम कुणाचं करत नाही, पण चक्कर मात्र चुकवत नाही," ती म्हणायची. मुकादम आला की ती पहिला घास घ्यायची. त्याची चक्कर संपेपर्यंत ताटली रिकामी होत असे. दाजी दाराआडून बघायचे आणि मला डोळ्यांनी खुणावायचे.

मग थंडीची लाट आली. रेडिओवर रोज सांगत होते की उद्या पारा आणखी उतरेल. दगडी भांड्यातलं पाणी सकाळी गोठलेलं असायचं, ते दाजी चमच्याच्या दांड्याने फोडायचे. धुकं इतकं असायचं की लिंबाचं झाड उन्हं वर आल्यावरच परत यायचं. रानात खायला मिळेना, म्हणून पाखरं आमच्या परसात गर्दी करायला लागली.

एका सकाळी ताई झोपेत असताना आवाज झाला, टप्. ओला चेंडू भिंतीवर बसावा तसा. दाजी आणि मी मागच्या दाराने बाहेर गेलो. काचेखाली एक चिमणी पडली होती, मान वाकडी. काचेवर तिच्या पंखांचा धुरकट ठसा उमटला होता, एकेक पीस मोजता यावं असा. दाजींनी खांद्यावरचं फडकं काढलं. आधी तो ठसा पुसला, मग पाखरू उचललं.

"पाहुणे, तुमच्या ताईला नाही सांगायचं."

"नाही," मी म्हणालो.

"परत भिंतीकडे तोंड केलं तिने, तर ह्या खेपेला..." चिमणी त्यांनी लिंबाखाली पुरली.

दाजींनी ह्यावर बराच विचार केला, पण तो काचवाल्याचा विचार. त्यांचं म्हणणं, काचेवर कुठेतरी डाग राहिला असणार आणि त्याने पाखरू चकलं असणार. मग रोज भल्या सकाळी कानटोपी घालून ते बाहेर उभे. आधी व्हिनेगरचं पाणी, मग रद्दी वर्तमानपत्र, मग कोरडं फडकं. बोटं काळीनिळी पडायची. जवळ येऊन तिरक्या नजरेने बघायचे, तोंडाची वाफ घालायचे आणि पुन्हा पुसायचे. शेवटी काच आहे की नाही असं वाटायला लागायचं. आणि काच जितकी स्वच्छ होत गेली, तितकी टप् टप् वाढत गेली.

मी एकदा त्यांच्यामागे परसात उभा होतो. तिथून बघितलं तर काचेतून आतली खोली दिसत नव्हती. पलीकडच्या खिडकीतून रस्त्यावरचं झाड दिसत होतं. मध्ये घर नाहीच असं वाटत होतं. मी म्हणालो, "दाजी, इथून जरा बघता का, मला वाटतं..."

"बाजूला व्हा पाहुणे, सावली पडतेय."

मी बाजूला झालो.

ताईने आवाज ऐकला नसता तर नवल. "अहो, हे काय वाजतं सकाळी?"

"पन्हळीतलं बर्फ सुटतंय," दाजी म्हणाले.

"रोज?"

"थंडी रोजच आहे की."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी चहात साखर ढवळत राहिलो. साखर मी कधीच घेत नाही.

त्यानंतर एका सकाळी काचेखाली मुकादम सापडला. डोळे उघडे होते आणि शेपटी एकदाची स्थिर झाली होती. दाजी त्याला हातात घेऊन पायरीवर बसून राहिले. अंगात स्वेटर नव्हता. मी आणून खांद्यावर टाकला तर त्यांना कळलंही नाही. "नेमका हाच का?" एवढंच ते म्हणाले, तेही मला उद्देशून नाही.

त्या दिवशी ताईने ताटली मांडीवर घेऊन बराच वेळ वाट बघितली. "मुकादम नाही आला आज."

"येऊन गेला की," दाजी पटकन म्हणाले. "पहाटेच. तू झोपली होतीस."

ताईने अर्धं खाल्लं आणि ताटली सरकवली. दुसऱ्या दिवशीही तो येऊन गेला होता. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा ताई म्हणाली, "वेळ बदललेली दिसते त्याने. बरं, उद्या मला लवकर उठवा. मी त्याच्या आधी बसते."

दाजींचा घास हातातच राहिला. "इतक्या सकाळी काचेजवळ? गारठा किती असतो!"

"काच बसवलीत की चाळणी? वारा येतो का तिच्यातून?"

त्यांच्या कामावर आलं म्हटल्यावर दाजींनी घास परत ताटात ठेवला. "काही वारा येत नाही," ते म्हणाले, आणि मग लक्षात आलं की आपण होकार दिला.

संध्याकाळभर ते घरात फेऱ्या मारत होते. शेवटी त्यांनी तोड काढली. दाणे काचेजवळ टाकायचेच नाहीत. पार कुंपणापाशी टाकायचे, म्हणजे पाखरं लांब राहतील. मलाही ते पटलं. लांबून आलेलं पाखरू जास्त वेगात येतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी मी ताईला उठवून बसवलं. दाजींनी कुंपणाजवळ दाणे फेकले आणि दूध आणायला गेले. मला वाटतं, त्यांना तिथे थांबवेना. धुकं हळूहळू विरळ झालं. कुंपणाखाली चिमण्यांचा मोठा थवा उतरला होता. ताई मान पुढे करून शोधत होती. "कुठे आहे रे? तुला दिसतो का?"

"अजून... येईल," मी म्हणालो.

तेवढ्यात लिंबाच्या झाडावरून एक ससाणा खाली झेपावला. सगळा थवा एकदम उठला आणि आमच्याकडे आला. सरळ, आमच्या तोंडावर. मी डोळ्यांपुढे हात धरला. टप्, टप्टप्, टप्. मोजता येईना. हात काढला तेव्हा काचेवर पंखांचे ठसे होते आणि खाली पायरीवर तपकिरी ढीग हलत होता.

ताई ओरडली नाही. तिने पांघरूण बाजूला केलं, पाय खाली सोडले आणि मागच्या दाराकडे निघाली.

"ताई, नको. अगं, बाहेर बर्फ आहे."

"हो बाजूला."

मी दारात उभा राहिलो. आयुष्यात मी कुणाची वाट अडवलेली नाही, आणि थोरल्या बहिणीची तर मुळीच नाही. तिने माझ्या छातीवर हात ठेवून मला हलकंच सरकवलं आणि कडी काढली. गारठा सुरीसारखा आत आला. ती अनवाणी बाहेर गेली, पायरीवर बसली आणि एकेक पाखरू उचलून शालीत घ्यायला लागली. काही उठून भेलकांडत उडाली. काही उठली नाहीत. एक तिच्या ओंजळीत धापा टाकत होती. ताई तिच्यावर फुंकर घालत होती आणि तिचा स्वतःचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी तिच्या अंगावर हाताला लागेल ते पांघरत होतो आणि "चल ना, चल ना," म्हणत होतो. चिमणीची मान कलली. तेव्हाच ताईला खोकल्याची उबळ आली, आणि ती काही थांबेना.

दाजी आले ते धावतच. दोघांनी मिळून तिला आत आणलं, वाफेचं यंत्र लावलं. ओठ निळे पडले होते. डॉक्टर आले, सुई दिली, छाती पुढून मागून तपासली. "उद्यापर्यंत दम असाच राहिला तर दवाखान्यात हलवावं लागेल," ते म्हणाले. "आणि पोटात काहीतरी जाऊ दे. ताकद कुठून येणार?"

दुपारी तिला बोलण्याइतका श्वास आला. तोंडावरचा मुखवटा तिने हाताने दूर केला. "मुकादम?"

दाजी तिचं पांघरूण सारखं करत राहिले. ताईने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

"पन्हळीतलं बर्फ होतं ना ते?" ती दाजींना म्हणाली.

"अगं, तू परत खाणं सोडलंस तर... मी तुझ्यासाठीच..."

"रोज सकाळी तिथे उभं राहून पुसत होतात. मी म्हणायची, किती करतात माझ्यासाठी." तिला मध्ये थांबावं लागलं. "पाखराला वाटतं, इथून आरपार जाता येतं. तुमची काच दिसतच नाही त्याला."

"पडदा लावतो," दाजी म्हणाले. "आत्ता लावतो."

"म्हणजे मी परत भिंत बघू?" मग जरा वेळाने, "नवी काच बसवली की तुम्ही चुन्याने फुल्या मारून ठेवता तिच्यावर. कशाला?"

"कुणी आपटू नये म्हणून. काम संपलं की पुसून टाकायच्या."

"माणसांसाठी मारता," ताई म्हणाली आणि कुशीवर वळली. तोंड बाजूच्या भिंतीकडे.

तिने सूप घेतलं नाही. दूध घेतलं नाही. दाजी वाटी घेऊन पलंगाशी उभे होते, वाटीतलं गार झालं की स्वयंपाकघरात जाऊन तापवून आणायचे आणि परत उभे राहायचे. तिसऱ्यांदा तापवल्यावर ते मला म्हणाले, "पाहुणे, तुमचं तरी ऐकते का बघा." माझंही ऐकलं नाही.

सकाळी मी उठलो तेव्हा दाजी परसात एका डब्यात चुना कालवत होते. खोलीत ताई तशीच भिंतीकडे तोंड करून. श्वास अजून घरघरत होता. दाजींनी कुंचला बुडवला, काचेपुढे उभे राहिले, आणि त्यांना रेघ मारवेना. ज्या माणसाने चाळीस वर्षं काचेवर बोटाचा ठसा राहू दिला नाही, त्याचा हात काचेपासून वीतभर अंतरावर अडकून राहिला. मग त्यांनी अगदी कडेला एक बारीक उभी रेघ मारली. दुसरी दुसऱ्या कडेला. तिसरी मधोमध, पण इतकी पुसट की आहे-नाही. आणि मागे सरून बघायला लागले.

एक चिमणी तारेवरून निघाली आणि दोन रेघांच्या मधून थेट काचेवर आली. टप्.

खाली पडली, फडफडली, वेलीत शिरली. जगली असावी. पण त्या आवाजासरशी ताई वळली. तिने रेघा पाहिल्या, दाजींना पाहिलं, आणि कोपरावर उठत मला म्हणाली, "सांग त्यांना, हे काय रांगोळी काढल्यासारखं? जवळ जवळ मारा. हाताच्या पंजापेक्षा जास्त जागा नको."

मी दार जेमतेम उघडून, बाहेर सरकून ते सांगितलं.

"मग तिला दिसणार काय?" दाजी म्हणाले.

मी आत येऊन ते सांगितलं.

"माझं मी बघीन. ह्या दोन डोळ्यांना पुरेल एवढी फट पुष्कळ आहे."

मग तिने मला पलंग काचेला लागून सरकवायला लावला, ती काचेवर बोटाने ठोकून जागा दाखवायला लागली आणि दाजी बाहेरून तिच्या बोटासमोर कुंचला टेकवायला लागले. आवाज काचेपलीकडे जात नव्हता. ती हाताने 'अजून वर' दाखवायची, ते 'अजून जाड?' असं विचारायचे, ती कपाळावर हात मारायची. मी मधल्यामध्ये आत-बाहेर. ताईला मध्येच खोकला यायचा, तेव्हा दाजी कुंचला हवेत धरून, तो थांबेपर्यंत आत डोळे लावून उभे राहायचे. थांबला की पुन्हा रेघ. सगळी काच पांढऱ्या पट्ट्यांनी भरली. रस्त्यावरच्या माणसालाही ती आता लांबून दिसली असती.

दाजी आत आले. आम्ही तिघं बसून राहिलो. पाखरं हळूहळू उतरली. या खेपेला दाणे काचेच्या अगदी पायथ्याशी टाकले होते. ते ताईनेच सांगितलं होतं. बराच वेळ गेला. होले आले. चिमण्या आल्या, खूप.

मग लिंबाचं झाड हललं आणि तो ससाणा पुन्हा सुटला.

थवा उठला. ताईने माझं मनगट धरलं. दाजी खुर्चीतून अर्धे उठले. पाखरं आमच्याकडेच येत होती, काचेला लागणार, लागलीच, आणि ऐन वेळी सगळी वर फिरली. मधून फाटल्यासारखी दोन बाजूंना झाली आणि पत्र्यावरून निघून गेली. पंखांचा नुसता फुरर् आवाज. टप् झालं नाही. आम्ही तरी कान लावून थांबलो.

ताईने माझं मनगट सोडलं. "त्या डाव्या कोपऱ्यात एक रेघ कमी आहे," ती म्हणाली. "एक जण तिथून घुसत होता."

"मारतो."

"आधी दूध तापवा. मी पिते तोवर मारा. आणि हातमोजे घाला, बोटं बघा कशी झालीत."

"हातमोज्यात रेघ सरळ येत नाही."

"सरळ कुणाला हवीय? पाखरं काय पट्टी लावून मोजणार आहेत?"

दाजींनी दूध तापवून पेला तिच्या हातात दिला. मग कानटोपी घातली, हातमोजे शोधले आणि डबा घेऊन बाहेर गेले. ताई पेला तोंडाला लावून दोन पट्ट्यांमधून त्यांच्याकडे बघत होती. कोपऱ्यातली रेघ चांगलीच वाकडी आली. दाजी तिच्याकडे बघत उभे राहिले, खांद्यावरच्या फडक्याकडे त्यांचा हात गेला, आणि आतून ताईने काचेवर जोरात ठोकलं.